सिगारेट सोडल्यानंतरचा ताण आणि तलफ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिगारेट किंवा विडी सोडून एक दिवस झालेल्यांपासून एक वर्ष झालेल्यांपर्यंत सर्वांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. सोडावी की सोडू नये, हा वाद येथे घातलेला नाही; तो निर्णय वाचकाने घेतलेला आहे असे धरले आहे. प्रश्न पुण्यातल्या नोकरदारांकडून, विद्यार्थ्यांकडून आणि त्यांच्या घरच्यांकडून वेळोवेळी ऐकलेले आहेत, आणि उत्तरे लिहिणाऱ्याने स्वतः बरीच वर्षे ओढून मग सोडलेली आहे, हेही वाचताना लक्षात असू द्यावे.

सोडल्यावर शरीरात नेमके काय होते आणि हा त्रास किती दिवस टिकतो?

झुरक्यातले निकोटिन दहा ते वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि तेथे डोपामिन नावाचे, सुखद भावनेशी जोडलेले रसायन स्रवायला लावते. रक्तातले निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्म्यावर येते, आणि म्हणूनच दिवसभर ओढणाऱ्याचा हात ठरावीक वेळाने आपोआप खिशाकडे जातो. पुरवठा थांबला की पहिल्या चोवीस तासांतच चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष न लागणे, वाढलेली भूक, झोपमोड आणि उदासपणा यांपैकी काही ना काही सुरू होते. दुसरा आणि तिसरा दिवस बहुतेकांना सर्वांत जड जातो. त्यानंतर त्रास उतरू लागतो आणि दोन ते चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. भूक मात्र त्याहून अधिक काळ वाढलेली राहू शकते. तेव्हा सोडण्याचा दिवस निवडताना तिसरा दिवस कोणता येतो ते आधी पाहावे. तो महिनाअखेरीच्या हिशेबाच्या दिवशी किंवा घरच्या लग्नात येणार असेल, तर दोन दिवस मागेपुढे करण्यात कमीपणा नाही.

सिगारेटने ताण कमी होतो हे मी स्वतः अनुभवले आहे. मग आता ताण आला की काय करायचे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. सिगारेट ओढल्यावर बरे वाटते, हे खरेच आहे. प्रश्न इतकाच आहे की बरे कशापासून वाटते. शेवटच्या सिगारेटला दीड-दोन तास झाले की निकोटिन उतरू लागते आणि अस्वस्थता वाढू लागते. त्याच वेळी साहेबांचा फोन आलेला असतो किंवा कात्रज चौकात गाडी अडकलेली असते. दोन्ही अस्वस्थता एकमेकींत मिसळतात, आपण सिगारेट पेटवतो, त्यातली निकोटिनची अस्वस्थता शमते, आणि फोनचा ताण गेला असा आपला समज होतो. फोन करणारे साहेब होते तसेच असतात. खाजवल्यावर बरे वाटते म्हणून खरजेला कोणी औषध म्हणत नाही, तसेच हे आहे.

२०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले की ज्यांनी धूम्रपान सोडले त्यांच्यातली चिंता, उदासी आणि ताण हे ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत कमी झाले होते. अर्थात हे पहिल्या आठवड्यात कोणालाही पटणार नाही, कारण तेव्हा परिस्थिती नेमकी उलटी असते. सुरुवातीचे काही आठवडे सरल्यावर दिवसातून दहा-पंधरा वेळा होणारी ही निकोटिनची चढ-उतार थांबते आणि मूळचा, खरा ताण तेवढा शिल्लक राहतो.

त्या खऱ्या ताणाचे काय? सिगारेटबरोबर काही चांगल्या गोष्टीही आपल्याला मिळत होत्या, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. खुर्चीतून उठणे, उघड्यावर जाऊन उभे राहणे, पाच मिनिटे कोणाशी तरी कामाव्यतिरिक्त बोलणे, आणि छातीत ओढून घेतलेला श्वास सावकाश बाहेर सोडणे. ताण हलका करण्यात या चारही गोष्टींचा वाटा होता आणि त्यांतल्या एकीलाही धूर लागत नाही. सोडणारे बहुतेक जण धुराबरोबर ही पाच मिनिटेही सोडून देतात, दिवसभर खुर्चीला चिकटून बसतात, आणि मग सिगारेटशिवाय जमत नाही असे म्हणतात. ती पाच मिनिटे सोडू नयेत. दिवसातून चार-पाच वेळा, पूर्वीच्याच वेळांना, उठून बाहेर जाण्याचा आपला हक्क शाबूत ठेवावा.

तलफ आली त्या क्षणी नेमके काय करावे?

घड्याळ पाहावे. तलफेची एक लाट बहुधा तीन ते पाच मिनिटांत, फार तर दहा मिनिटांत उतरते, मग तुम्ही ओढा अथवा ओढू नका. विद्यापीठ चौकात आपण कित्येकदा याहून जास्त वेळ मुकाट्याने थांबलेलो असतो.

ती मिनिटे मोकळी ठेवू नयेत. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे भराभर चालणे; दहा मिनिटांच्या झपाझप चालण्याने तलफ कमी होते, हे अनेक प्रयोगांत दिसलेले आहे. जागेवरून हलणे शक्य नसेल तर मनात चार अंक मोजत श्वास आत घ्यावा आणि सहा ते आठ अंक मोजत सोडावा. असे आठ-दहा वेळा केले की दीड-दोन मिनिटे सहज निघून जातात. गार पाणी घोटघोट प्यावे. तोंडात लवंग, वेलची किंवा भाजलेली बडीशेप धरावी. हाताला काहीतरी हवे असते, ही तक्रार खरी आहे, आणि तिच्यासाठी पेन, जपमाळ, किल्ल्यांचा जुडगा असे काहीही चालते. सुपारी मात्र नको. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, आणि सिगारेट सोडून सुपारीच्या नादी लागलेली माणसे आपल्याकडे कमी नाहीत.

पहिल्या आठवड्यात खिशात एक छोटी वही ठेवून प्रत्येक तलफेची वेळ, जागा आणि सोबत कोण होते हे एका ओळीत लिहावे. चार-पाच दिवसांत लक्षात येते की दिवसातल्या बहुतेक तलफा त्याच त्या चार जागांवर येतात. त्या चार जागांची आधीच व्यवस्था करणे हे दिवसभर सावध राहण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

चहाबरोबर सिगारेट ही वीस वर्षांची सवय आहे. आता चहाही सोडायचा का?

सोडायची गरज नाही, कमी मात्र करावा, आणि त्यामागे दोन वेगळी कारणे आहेत. पहिले उघड आहे. अमृततुल्यच्या पितळी भांड्यातल्या उकळीचा वास आला की मेंदू पुढच्या झुरक्याची वाट पाहू लागतो. यासाठी काही आठवडे चहाची जागा बदलावी. टपरीच्या बाहेर उभे राहण्याऐवजी आत बाकावर बसावे, किंवा चहा घरातच, बशीत ओतून, खाण्यासोबत घ्यावा.

दुसरे कारण फारसे कोणाला माहीत नसते. तंबाखूच्या धुरातल्या डांबरासारख्या पदार्थांमुळे यकृतातले एक विकर (एन्झाइम) जास्त वेगाने काम करत असते आणि कॅफिन लवकर निकालात काढत असते. धूर बंद झाला की काही दिवसांत हा वेग खाली येतो, आणि मग रोजच्याइतकाच चहा-कॉफी घेऊनही रक्तातले कॅफिन पूर्वीपेक्षा बरेच वाढलेले राहते. छातीत धडधड, हात थरथरणे, रात्री झोप न लागणे या तक्रारींचे खापर आपण सिगारेट सोडण्यावर फोडतो, आणि त्यातला काही वाटा त्या सहाव्या कपाचा असतो. कपांची संख्या निम्मी करावी आणि दुपारी चारनंतर शक्यतो घेऊ नये.

हिंजवडीत नोकरी करतो. आमच्याकडे महत्त्वाच्या गोष्टी खाली टपरीवरच ठरतात. तिकडे जाणेच बंद केले तर मी एकटा पडेन.

भीती रास्त आहे. तरीही पहिले दोन-तीन आठवडे जाऊ नये, एवढाच सल्ला देता येतो. त्या मंडळींपैकी ज्या एकाशी मोकळेपणा आहे त्याला वेगळे सांगून ठेवावे की, ‘मी सोडली आहे, मला देऊ नकोस आणि मी मागितली तरी देऊ नकोस.’ सर्वांसमोर घोषणा करण्यापेक्षा हे बरे, कारण घोषणेनंतर पैजा लागतात आणि पैजेत हरवण्यासाठी माणसे मुद्दाम सिगारेट पुढे करतात. पुढे तिकडे जायला लागलात तर हात रिकामा ठेवू नये आणि धुराच्या दिशेला उभे राहू नये. दुसऱ्याच्या धुराने तलफ चाळवते, शिवाय तो धूरही अपायकारकच असतो.

महाराष्ट्र शासनाने २०२० साली सुट्या सिगारेटी आणि विड्या विकण्यावर बंदी घातली. ‘एक सुटी द्या’ हे वाक्य मात्र त्यामुळे बंद पडलेले नाही. घसरण बहुधा याच एका सुटीपासून सुरू होते. आख्खे पाकीट घेताना निदान मनाशी विचार तरी होतो.

स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. सोडल्यापासून अभ्यासिकेत पान पुढे सरकत नाही. परीक्षा होईपर्यंत पुन्हा सुरू करू का?

लक्ष न लागणे हे निकोटिन उतरण्याचे नेहमीचे लक्षण आहे आणि ते बहुतेकांत दोन ते चार आठवड्यांत जाते. सदाशिव पेठेत किंवा नारायण पेठेत खोली घेऊन राहणाऱ्या मुलांचा दिवस अभ्यासिका, खाणावळ आणि टपरी या तीन ठिकाणांतच फिरतो, आणि अभ्यासाचा प्रत्येक तास संपल्याची खूण सिगारेट हीच झालेली असते. तेव्हा पहिले तीन आठवडे तासाऐवजी पंचवीस मिनिटांची बैठक धरावी, मध्ये पाच मिनिटे जिना चढून-उतरून यावे, आणि नवीन विषय सुरू करण्याऐवजी उजळणी व सराव प्रश्नपत्रिका घ्याव्यात. परीक्षा अगदी आठवड्यावर असेल तर डॉक्टरांशी बोलून निकोटिन गमचा, म्हणजे थोडे निकोटिन देणाऱ्या औषधी च्युइंगगमचा, आधार घ्यावा. परीक्षेपुरती पुन्हा सुरू करण्याचा बेत बहुधा परीक्षेपुरता राहत नाही, कारण पूर्वपरीक्षेनंतर मुख्य असते, मुख्यनंतर मुलाखत असते, आणि मग निकालाची वाट पाहणे असते.

पावसाळ्यात आणि मित्रांच्या बैठकीत फार अवघड जाते.

दारू हे सोडलेली सिगारेट पुन्हा सुरू होण्याचे मोठे कारण आहे, कारण दुसऱ्या पेल्यानंतर ठरवलेले आठवत असूनही त्याचे वजन वाटत नाही. पहिले दोन महिने बैठक टाळावी. पावसाचे म्हणाल तर पाऊस टाळता येत नाही. सिंहगडावर जाऊन पिठले-भाकरी आणि कांदाभजी खावी, फक्त गाडी अशा माणसाची असावी जो ओढत नाही.

मी घरात सर्वांवर ओरडतो आहे. घरच्यांनी काय करावे?

आधी हे सांगून टाकावे की दोन-तीन आठवडे माझे बोलणे मनावर घेऊ नका. ही माफी आगाऊ मागितलेली बरी. त्यानंतरही कोणाला अपमानास्पद बोलण्याची मुभा यातून मिळत नाही. राग चढतो आहे असे वाटले की चपला घालून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत, किंवा निदान सोसायटीला दोन फेऱ्या मारून यावे.

घरच्यांसाठी सूचना थोड्या आहेत. खिसे तपासू नयेत, तोंडाचा वास घेऊ नये, ‘आज किती दिवस झाले?’ असे सकाळ-संध्याकाळ विचारू नये. आईला किंवा पत्नीला ही काळजी वाटते, पण ऐकणाऱ्याला ती पाळत वाटते. त्याऐवजी संध्याकाळी सोबत चालायला जावे, आणि घरात कोणी दुसरे ओढत असेल तर त्याने निदान घरात ओढू नये. ‘त्यापेक्षा ओढ एक, पण आमच्यावर डाफरू नको,’ हे वाक्य पुष्कळ घरांत तिसऱ्या दिवशी उच्चारले जाते आणि पुष्कळ प्रयत्न तेथेच संपतात. ते वाक्य तेवढे गिळावे.

सोडल्यावर खोकला उलट वाढला आहे. पोटही साफ होत नाही.

श्वासनलिकेच्या आतल्या बाजूस असलेले सूक्ष्म केस धुरामुळे मंदावलेले असतात. ते पुन्हा काम करू लागले की साचलेला कफ वर ढकलतात, त्यामुळे काही आठवडे खोकला वाढू शकतो. बद्धकोष्ठता आणि तोंड येणे हेही काहींना होते. पाणी, पालेभाज्या, भाकरी आणि चालणे एवढे बहुधा पुरते. खोकल्यातून रक्त पडले, छातीत दुखले, आवाज बसलेला तीन आठवड्यांनंतरही सुटला नाही किंवा तोंडातला व्रण भरत नसेल, तर ते सोडण्याचे लक्षण समजून घरी बसू नये; तातडीने डॉक्टरांना दाखवावे.

वजन वाढेल का?

बहुतेकांचे वाढते, पहिल्या वर्षात सरासरी चार ते पाच किलो, काहींचे अधिक, काहींचे मुळीच नाही. निकोटिन भूक दाबते आणि शरीराचा ऊर्जेचा खर्च किंचित वाढवते, आणि ते गेल्यावर जिभेला चवही पूर्वीपेक्षा चांगली लागते. पहिल्या महिन्यात कडक पथ्य सुरू करू नये, कारण भूक आणि तलफ या दोघींशी एकाच वेळी झुंजणे जड जाते. फक्त डबा विचारपूर्वक भरावा. तलफ आल्यावर बाकरवडीचा पुडा उघडण्याऐवजी भाजलेले चणे, काकडी, गाजर, ताक असे काहीतरी हाताशी असावे.

निकोटिन गम आणि त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी यांनी एक व्यसन जाऊन दुसरे लागत नाही का?

ही शंका पुण्यातल्या सुशिक्षित मंडळींत विशेष आढळते, आणि मनाच्या बळावर सोडली तरच ती खरी सोडली असा एक बाणेदारपणाही तिच्यामागे असतो. कर्करोग, हृदयविकार आणि फुप्फुसांचे विकार यांना प्रामुख्याने धुरातले डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर विषारी द्रव्ये कारणीभूत असतात. निकोटिन माणसाला त्या धुराशी बांधून ठेवते. गम किंवा पट्टीतून ते सावकाश आणि कमी प्रमाणात मिळते, झुरक्यासारखे काही सेकंदांत मेंदूवर आदळत नाही, म्हणून त्याची सवय लागण्याचा संभव पुष्कळ कमी असतो. ही साधने वापरणाऱ्यांची सोडण्यात यशस्वी होण्याची शक्यता साधारण दीडपट असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली त्यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले आहे.

गम दोन आणि चार मिलिग्रॅमचा मिळतो. सकाळी उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असे, त्यांना बहुधा चार मिलिग्रॅमचा लागतो. तो नेहमीच्या च्युइंगगमसारखा चघळत राहणे ही सर्वांत मोठी चूक होय. तसे केल्यास निकोटिन लाळेबरोबर पोटात जाते, उचक्या लागतात, जळजळते, आणि मग ‘हा काही उपयोगाचा नाही’ असे म्हणून माणूस तो फेकून देतो. सावकाश चार-सहा वेळा चावावा, तिखट चव किंवा झिणझिण्या जाणवल्या की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवावा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावावा, असे अर्धा तास करावे. विडा गालात धरण्याची सवय असलेल्यांना हे तंत्र शिकवावे लागत नाही. गम घेण्याच्या आधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत घेऊ नये, कारण तोंडात आंबटपणा असला की निकोटिन शोषले जात नाही.

पट्टी दिवसभर संथ पुरवठा करते, आणि जोराची तलफ आली तर तिच्या जोडीला गम घेता येतो. पट्टीमुळे रात्री भलतीसलती स्वप्ने पडू लागली तर झोपताना ती काढून ठेवावी. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपियॉन ही गोळीच्या रूपातली औषधेही आहेत, परंतु ती डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय घ्यायची नाहीत. गर्भवती स्त्रियांनी आणि नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी गम किंवा पट्टीसुद्धा स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

त्याऐवजी व्हेप, हुक्का किंवा थोडी मिश्री चालेल का?

नाही. ई-सिगारेटच्या, म्हणजेच व्हेपच्या, उत्पादनावर आणि विक्रीवर २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, त्यामुळे येथे चोरून मिळणाऱ्या व्हेपमध्ये काय भरले आहे हे तपासायला कोणी नाही. हुक्क्याचा धूर पाण्यातून आला तरी धूरच राहतो. मावा, मिश्री, खैनी यांनी तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

चाळीस दिवसांनी काल एका लग्नात एक ओढली. सगळे पाण्यात गेले का?

चाळीस दिवसांत शरीराने जे कमावले ते एका सिगारेटने जात नाही. धोका त्या सिगारेटपेक्षा तिच्यानंतर मनात येणाऱ्या ‘आता मोडलेच आहे तर आजचा दिवस ओढू’ या विचारात असतो. उरलेले पाकीट असेल तर ते पाण्यात भिजवून कचऱ्यात टाकावे. नुसते टाकले तर रात्री परत काढले जाते, हे अनुभवाने लिहितो आहे. त्याच दिवशी वहीत लिहावे: किती वाजता, कोणी दिली, त्या आधी काय घडले होते. ‘एकच’ या शब्दाशी पुढे वाटाघाटी करू नये. पहिल्याच प्रयत्नात कायमची सोडणारे थोडे असतात, बहुतेकांना अनेक प्रयत्न लागतात, आणि लिहिणाऱ्याला चार लागले.

मला मधुमेह आहे आणि मानसिक आजारासाठी गोळ्याही चालू आहेत. सोडणे सुरक्षित आहे का?

सुरक्षित आहे आणि अधिकच गरजेचे आहे, परंतु डॉक्टरांना सांगून सोडावी. कॅफिनबाबत वर सांगितलेली यकृतातली तीच प्रक्रिया काही औषधांनाही लागू होते. मानसिक आजारांवरील क्लोझापिन, ओलान्झापिन, दम्यासाठीचे थिओफिलिन यांची रक्तातली पातळी सिगारेट सोडल्यावर वाढू शकते, रक्त गोठू न देणाऱ्या वॉरफॅरिनचा आणि इन्सुलिनचा डोसही कधी कधी बदलावा लागतो. डोस स्वतः कमी करू नये.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशातच रस वाटेनासा झाला किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर तो निव्वळ तलफेचा भाग समजू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.

सात महिने झाले. आठवणही नव्हती, आणि परवा अचानक जोराची तलफ आली. असे का?

निकोटिन केव्हाच गेलेले असते. राहिलेली असते ती सांगड. सात महिन्यांत जी गोष्ट पहिल्यांदाच सिगारेटशिवाय घडते तिथे ती वर येते: जुन्या मित्राचे अचानक भेटणे, गणपतीतल्या ढोल-ताशा सरावानंतरची रात्र, एखाद्या जवळच्या माणसाच्या अंत्यविधीनंतर वैकुंठ स्मशानभूमीबाहेर उभे राहणे. ही तलफ तीव्र असली तरी पूर्वीइतकीच अल्पजीवी असते, आणि तो प्रसंग एकदा सिगारेटशिवाय पार पडला की पुढच्या वेळी ती बरीच सौम्य असते. वर्षभराचे सगळे सण आणि सगळे ऋतू एकदा असे पार पडावे लागतात.

मदत कुठे मिळेल?

१८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय दूरध्वनी सेवा असून तिचा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. तिथला समुपदेशक सोडण्याची तारीख ठरवण्यास मदत करतो आणि नंतर पाठपुरावाही करतो. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा पातळीवर सरकारी रुग्णालयांतून तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशनाची सोय ठेवलेली आहे, त्यामुळे औंधच्या जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढताना तशी चौकशी करावी. सिगारेटबरोबर दारूचाही प्रश्न असेल तर येरवड्याच्या बाजूला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या या केंद्रात रुग्णाच्या कुटुंबीयांशीही बोलले जाते. आणि ज्यांना कोठेही जायचे नाही त्यांनी निदान आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत, त्यांनी विचारण्याची वाट न पाहता, सोडल्याची तारीख सांगून ठेवावी.